गंभीर शिरोभिघातानंतर शरीरात घडणारे जीवरासायनिक बदल

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण ग्रामीण भागात बहुधा प्रथम जवळच्या खासगी दवाखान्यात आणला जातो, आणि तो दवाखाना अनेकदा आपल्यापैकीच एखाद्या वैद्याचा असतो. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेतही अनेक आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा मृत्यूंमागे डोक्याची इजा हे एक प्रमुख कारण असते.

शिरोभिघाताचा रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या एक-दोन तासांत त्याच्या मेंदूत आणि सर्व शरीरात रासायनिक बदलांची एक साखळी सुरू झालेली असते. ही साखळी नीट समजली नाही तर चांगल्या हेतूने लावलेली ग्लुकोज सलाईनची बाटली, सवयीने दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा शुद्धीवर आणण्यासाठी केलेले प्रधमन नस्य रुग्णाचे नुकसान करू शकते. यास्तव प्रस्तुत लेखात या बदलांचा क्रमवार परामर्श घेतला असून, त्यातून आपल्या दैनंदिन व्यवहारासाठी काय बोध घ्यावयाचा हे शेवटी सांगितले आहे.

शास्त्रातील आधार

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय अध्यायात हृदय, बस्ती व शिर ही तीन मर्मे प्रधान मानली आहेत. शिरावर अभिघात झाल्यास मन्यास्तंभ, अर्दित, नेत्रविभ्रम, मोह, चेष्टानाश, श्वास, हनुग्रह, मूकत्व, गद्गदत्व, लालास्राव, मुख वाकडे होणे इत्यादी लक्षणे तेथे वर्णिली आहेत. यांतील बहुतेक लक्षणे आजच्या अतिदक्षता विभागातील रुग्णातही पाहावयास मिळतात.

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे ऊर्ध्वजत्रुगत सांगितली. त्यांपैकी अधिपती, शृंगाटक व शंख ही सद्यःप्राणहर, तर सीमंत ही कालांतरप्राणहर आहेत. सद्यःप्राणहर मर्माचा घात सात दिवसांत व कालांतरप्राणहराचा घात पंधरवडा ते महिन्याच्या आत प्राण घेतो, हा कालविभाग लक्षणीय आहे. आघाताच्या क्षणी झालेल्या इजेने सर्वच रुग्ण दगावत नाहीत, पुढील दिवसांत शरीरात जे घडते त्यानेही अनेक दगावतात, हे निरीक्षण त्यामागे दिसते. चिकित्सास्थानातील सद्योव्रण प्रकरणात शिरातील शल्य काढल्यावर व्रणात केसांची वर्ती ठेवावी, अन्यथा मस्तुलुंग स्रवून वायू रुग्णाचा घात करतो, असा स्पष्ट इशाराही त्यांनी दिला आहे.

ओजाच्या ऱ्हासाची कारणे सांगताना सुश्रुताचार्यांनी अभिघाताचा उल्लेख सर्वप्रथम केला आहे. ओजोविस्रंस, व्यापद् व क्षय या तीन अवस्थांपैकी क्षयावस्थेत मूर्च्छा, मांसक्षय, मोह, प्रलाप व मरण ही लक्षणे येतात. पुढे वर्णिलेला चयापचयातील बिघाड वाचताना हा संदर्भ मनात ठेवावा. अर्थात ओज म्हणजे अमुक एक रासायनिक द्रव्य असे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही. दोन शास्त्रांची भाषा वेगळी आहे, रुग्ण मात्र एकच आहे.

प्राथमिक व दुय्यम इजा

आघाताच्या क्षणी हाड मोडणे, मेंदू चेचणे, रक्तवाहिनी फाटणे व मज्जातंतू ताणले जाणे ही प्राथमिक इजा होय. ती घडून गेलेली असते आणि औषधाने मागे फिरविता येत नाही. त्यानंतर काही मिनिटांपासून अनेक दिवसांपर्यंत चालणारी जीवरासायनिक हानी म्हणजे दुय्यम इजा. चिकित्सकाचा सारा प्रयत्न ही दुय्यम इजा रोखण्यासाठी असतो.

इजेची तीव्रता ठरविण्यासाठी टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली मांडलेली ग्लासगो कोमा श्रेणी सर्वत्र वापरली जाते. डोळे उघडणे ४, बोलणे ५ व हालचाल ६ असे कमाल १५ गुण असतात, किमान ३. आठ किंवा त्याहून कमी गुण असल्यास शिरोभिघात गंभीर समजावा. रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीवर हे गुण वेळेसह लिहिल्यास पुढील चिकित्सकास मोलाची मदत होते.

मेंदूच्या पेशीत काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही तो शरीराच्या सुमारे २० टक्के प्राणवायूचा वापर करतो. त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज असून त्याचा साठा मेंदूत जवळजवळ नसतो. म्हणून रक्तप्रवाह हाच मेंदूचा आधार. निरोगी अवस्थेत दर १०० ग्रॅम मेंदूस मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. हे प्रमाण २० च्या खाली गेल्यास पेशीचे विद्युत्कार्य थांबते, आणि १० च्या आसपास आल्यास पेशी मरू लागतात.

आघाताने पेशीची पटले ताणली जाताच पेशीतील पोटॅशियम बाहेर पडते व ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य भरमसाट प्रमाणात मुक्त होते. ग्लुटामेट शेजारच्या पेशींच्या ग्राहकांवर बसून त्यांची दारे उघडते, त्या दारांतून सोडियम व कॅल्शियम आत शिरतात. बिघडलेला समतोल पूर्ववत करण्यासाठी सोडियम-पोटॅशियम पंप अहोरात्र चालू लागतो. या पंपाला एटीपी या स्वरूपातील ऊर्जा लागते. म्हणजे ज्या वेळी रक्तपुरवठा घटलेला असतो, नेमकी त्याच वेळी ऊर्जेची मागणी सर्वाधिक असते. पुढील सर्व हानीचे मूळ या विसंगतीत आहे.

ऊर्जेची तूट भरून काढण्यासाठी पेशी प्राणवायूविना ग्लुकोज वेगाने जाळू लागते. एका ग्लुकोज रेणूपासून पुरेशा प्राणवायूत तीसच्या आसपास एटीपी मिळतात, त्याविना केवळ दोन. परिणामी लॅक्टेट साठते व आम्लता वाढते. मेंदूत बारीक नळी घालून केलेल्या सूक्ष्म तपासणीत लॅक्टेट व पायरुवेट यांचे गुणोत्तर २५ च्या वर जाणे हे या ऊर्जासंकटाचे चिन्ह मानले जाते. अतिज्वलनाची ही अवस्था काही दिवस टिकते, त्यानंतर मेंदूचा ग्लुकोज वापर नेहमीपेक्षा कमी होतो व ही मंदावस्था काही आठवडे राहू शकते. वरवर बरा दिसणारा रुग्ण या काळात थकलेला, मंद व विसराळू का असतो, याचे एक उत्तर येथे मिळते.

आत शिरलेले कॅल्शियम दोन प्रकारे घात करते. एक म्हणजे ते मायटोकाँड्रियात साठून ऊर्जानिर्मितीच बंद पाडते. दुसरे, ते कॅल्पेनसारखी प्रथिने तोडणारी व फॉस्फोलायपेजसारखी मेद तोडणारी विकरे जागृत करते. पहिली विकरे मज्जातंतूंचा सांगाडा खातात, दुसरी पेशीपटल. बिघडलेल्या मायटोकाँड्रियातून निसटणारे मुक्तमूलक पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण करतात. सांडलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनमधून सुटणारे लोह या प्रक्रियेस आणखी चेतवते. मेंदूत मेदद्रव्य विपुल असल्याने या हानीस तो विशेष बळी पडतो.

मरणाऱ्या पेशींतील काही प्रथिने रक्तात उतरतात. त्यांपैकी जीएफएपी व यूसीएच-एल १ या दोहोंवर आधारलेल्या रक्तचाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली परवानगी दिली. सौम्य शिरोभिघातात सीटी स्कॅनची गरज आहे की नाही हे ठरविण्यासाठी तिचा उपयोग होतो. गंभीर रुग्णात मात्र सीटी स्कॅनला पर्याय नाही.

सूज व कवटीतील दाब

सोडियमपाठोपाठ पाणी पेशीत शिरते व पेशी फुगते, ही पेशीगत सूज. रक्त व मेंदू यांमधील संरक्षक भिंत फुटून रक्तातील द्रव बाहेर झिरपतो, ती वाहिनीजन्य सूज. गंभीर शिरोभिघातात दोन्ही एकत्र आढळतात.

प्रौढाची कवटी ही न फुगणारी पेटी आहे. मेंदू, रक्त व मस्तिष्कमेरुद्रव या तिघांपैकी एकाचे आकारमान वाढले की इतरांना जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली व जॉर्ज केली यांनी १८२४ साली मांडलेले हे तत्त्व आजही प्रमाण आहे. कवटीतील दाब सामान्यतः ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. तो २२ च्या वर राहिल्यास उपचार आवश्यक ठरतात. सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा केला असता जे उरते तो मेंदूस रक्त पोहोचविणारा दाब होय, तो ६० ते ७० च्या दरम्यान राखला जातो. रक्तदाब कमी होणे शिरोभिघातात इतके घातक का, हे या वजाबाकीवरून ध्यानात येईल. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले होते.

रक्तातील कर्बवायूचे प्रमाणही येथे निर्णायक ठरते. तो वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावून दाब वाढतो, कमी झाला की त्या आकुंचन पावून रक्तपुरवठा घटतो. म्हणून श्वासमार्ग अडलेला बेशुद्ध रुग्ण दुहेरी संकटात असतो. त्याला प्राणवायू मिळत नाही आणि साठलेला कर्बवायू मेंदूवरील दाब वाढवतो. रक्तदाब चढणे, नाडी मंदावणे व श्वास अनियमित होणे ही कुशिंग यांनी वर्णिलेली त्रयी दिसल्यास मेंदूचा आधार दाबला जात आहे असे समजावे.

संप्रेरकांचा उद्रेक व रक्तशर्करा

मेंदूवरील आघातास सर्व शरीर प्रतिसाद देते. अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांची रक्तातील पातळी इजेच्या तीव्रतेनुसार वाढते. नाडी जलद होते, हृदयाच्या आलेखात बदल दिसतात, क्वचित फुप्फुसात पाणी भरते. काही रुग्णांत पुढील दिवसांत किंवा आठवड्यांत घाम, ताप, जलद नाडी व हातपाय ताठरणे असे झटके येतात. ते जंतुसंसर्ग किंवा अपस्मार समजले जाण्याचा संभव असतो. याच उद्रेकाबरोबर जठरातही व्रण होऊ शकतात. कुशिंग यांनी १९३२ साली या व्रणांचा मेंदूच्या विकारांशी संबंध दाखविला.

अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल व ग्लुकॅगॉन ही तिन्ही संप्रेरके यकृतातून साखर बाहेर काढतात व इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. म्हणून पूर्वी मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही रक्तशर्करा २०० च्या वर आढळू शकते. प्राणवायूची कमतरता असताना ही जादा साखर लॅक्टेटमध्ये रूपांतरित होऊन आम्लता वाढवते, आणि जास्त रक्तशर्करा असलेल्या रुग्णांची फलश्रुती वाईट आढळते.

याचा अर्थ साखर कसोशीने खाली आणावी असा मात्र नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णांवरील २००९ च्या नाइस-शुगर या मोठ्या प्रयोगात रक्तशर्करा ८१ ते १०८ इतकी कडक राखलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. शिरोभिघाताच्या रुग्णांत अशा कडक नियंत्रणाने मेंदूतील ग्लुकोजच अपुरे पडते, असेही दिसून आले. मध्यम मार्ग राखावा, हाच त्याचा बोध.

चयापचय व धातुक्षय

निपचित पडलेला बेशुद्ध रुग्ण ऊर्जा कमी खर्चत असेल असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. गंभीर शिरोभिघातात ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी जास्त असतो. ताप आल्यास दर अंश सेल्सिअसमागे त्यात सुमारे १० टक्क्यांची भर पडते.

ही ऊर्जा मिळविण्यासाठी शरीर स्नायूंतील प्रथिने तोडते. उपाशी निरोगी माणूस दिवसाला ३ ते ५ ग्रॅम नायट्रोजन गमावतो, तर उपाशी राहिलेला गंभीर शिरोभिघाताचा रुग्ण १४ ते २५ ग्रॅम. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिन. यावरून दररोज ९० ते १५० ग्रॅम प्रथिन वाया जाते असे दिसते. पोषण न मिळाल्यास आठवड्यात शरीराचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी घटू शकते. शास्त्रात अभिघातज ओजःक्षयात मांसक्षय सांगितला आहे, त्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

म्हणूनच पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत रुग्णास मूलभूत गरजेइतके पोषण मिळाले पाहिजे, अशी आजची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मूत्रावाटे जस्ताचा ऱ्हासही वाढतो. यकृत अल्ब्युमिनची निर्मिती कमी करून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिनासारखी दाहसूचक प्रथिने वाढविते. इंटरल्युकिन-६ सारखी दाहद्रव्ये वाढत असतानाच पेशीजन्य प्रतिकारशक्ती मात्र खालावते, त्यामुळे फुप्फुसाचा जंतुसंसर्ग हा पहिल्या आठवड्यातील नित्याचा उपद्रव ठरतो.

सोडियम व जलसंतुलन

रक्तातील सोडियम १३५ ते १४५ या मर्यादेत असते. शिरोभिघातानंतर ते दोन्ही बाजूंनी बिघडते, आणि कारण ओळखणे येथे फार महत्त्वाचे ठरते.

१. मूत्रनियंत्रक संप्रेरक अकारण जास्त स्रवल्यास शरीरात पाणी साठते व सोडियम पातळ होते.

२. मूत्रपिंडावाटे मीठच वाहून गेल्यास सोडियम व पाणी दोन्ही घटतात. रुग्ण कोरडा पडतो, नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो.

३. संप्रेरक पुरेसे न स्रवल्यास रुग्ण दिवसाला तीन लिटरहून अधिक पाण्यासारखी स्वच्छ लघवी करतो व सोडियम १४५ च्या वर जाते.

पहिल्या दोन्हींत सोडियम कमीच असते, परंतु चिकित्सा परस्परविरुद्ध आहे. पहिल्यात पाणी मर्यादित करावयाचे, दुसऱ्यात मीठ व पाणी दोन्ही द्यावयाचे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाचे पाणी तोडल्यास मेंदूचा रक्तपुरवठा घटून नुकसान होते. तसेच दीर्घकाळ कमी असलेले सोडियम घाईने वाढविल्यास मेंदूतील मज्जावरण नष्ट होऊ शकते, म्हणून २४ तासांत ८ ते १० एककांहून जास्त वाढ करीत नाहीत. घरी परतलेल्या रुग्णात पहिल्या काही आठवड्यांत नवीन ग्लानी, उलट्या किंवा झटके दिसल्यास सोडियमची तपासणी आवर्जून करावी.

रक्त गोठण्यातील बिघाड

मेंदूत टिश्यू फॅक्टर हे रक्त गोठविणारे द्रव्य विपुल असते. इजेमुळे ते रक्तात मिसळल्यास जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होऊन गोठण्याचे घटक खर्ची पडतात आणि नंतर रक्तस्राव आवरत नाही. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये लहान दिसलेली गाठ काही तासांत मोठी होण्यामागे हे एक कारण असते. ट्रॅनेक्झामिक आम्ल तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य व मध्यम शिरोभिघातात डोक्याच्या इजेमुळे होणारे मृत्यू घटतात, असे २०१९ च्या क्रॅश-३ प्रयोगात आढळले. गंभीर गटात मात्र तसा लाभ दिसला नाही.

पियूषिका ग्रंथीची उशिरा दिसणारी हानी

कवटीच्या तळाशी नाजूक देठावर असलेली पियूषिका ग्रंथी आघातात सहज दुखावते. प्रसिद्ध अभ्यासांचा एकत्रित विचार करता, शिरोभिघातातून वाचलेल्या सुमारे पाव रुग्णांत तिच्या एक वा अधिक संप्रेरकांची दीर्घकालीन कमतरता आढळते. अंगवर्धक व प्रजननविषयक संप्रेरके अधिक वेळा घटतात, कॉर्टिसॉल व थायरॉइडचे नियमन करणारी तुलनेने कमी वेळा.

असा रुग्ण सहा महिने किंवा वर्षभराने थकवा, निरुत्साह, वजनवाढ, क्लैब्य, आर्तवनाश किंवा वंध्यत्व अशी तक्रार घेऊन आपल्याकडे येतो. जुन्या अपघाताचा तो उल्लेखही करीत नाही. म्हणून अशा तक्रारींत पूर्वीच्या शिरोभिघाताविषयी मुद्दाम विचारावे. कॉर्टिसॉलची कमतरता राहून गेल्यास साध्या ज्वरातही प्राणावर बेतू शकते. ही तपासणी न करता केवळ वाजीकरण वा रसायन सुरू करणे उचित नाही.

फोल ठरलेल्या आशा

वरील साखळीतील एखादी कडी औषधाने तोडता येईल या आशेने अनेक प्रयोग झाले. स्टिरॉइडने सूज उतरते, म्हणून ते दशकानुदशके दिले गेले. १०,००८ रुग्णांवरील क्रॅश प्रयोगाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के, तर न दिलेल्यांत १७.९ टक्के मृत्यू झाले होते. म्हणजे औषधानेच मृत्यू वाढले. तरीही डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देण्याची सवय काही ठिकाणी टिकून आहे, ती सोडली पाहिजे.

कॅल्शियमला रोखणारे मॅग्नेशियम २००७ साली निरुपयोगी आढळले. प्रोजेस्टेरॉनचे दोन मोठे प्रयोग २०१४ साली निष्फळ ठरले. आपल्याकडे मोठ्या प्रमाणात लिहून दिल्या जाणाऱ्या सिटीकोलीनचाही १,२१३ रुग्णांवरील २०१२ च्या प्रयोगात ९० दिवसांच्या सेवनानंतर लाभ दिसला नाही.

हाच निकष आपल्या औषधांनाही लावला पाहिजे. ब्राह्मी, मंडूकपर्णी, अश्वगंधा, हरिद्रा यांचे मुक्तमूलकविरोधी गुण प्रयोगशाळेत दिसतात. परंतु गंभीर शिरोभिघाताच्या तीव्र अवस्थेत त्यांची उपयुक्तता मोठ्या मानवी प्रयोगांत सिद्ध झालेली नाही. एक कडी प्रयोगशाळेत तुटली म्हणजे रुग्ण वाचला असे होत नाही, हे वरील चारही उदाहरणांनी दाखविले आहे.

चिकित्सकांसाठी सूचना

१. श्वासमार्ग मोकळा करून प्राणवायू द्यावा. मान हलू न देता रुग्ण हाताळावा, मानेच्या मणक्याची इजा गृहीत धरावी.

२. प्रौढाचा वरचा रक्तदाब किमान ११० राखण्याचा प्रयत्न करावा. शिरेतून द्रव द्यावयाचा तर ०.९ टक्के सलाईन द्यावे. ५ टक्के डेक्स्ट्रोज देऊ नये. त्यातील साखर वापरली जाताच उरलेले निव्वळ पाणी मेंदूची सूज वाढवते.

३. मात्र ग्लुकोमीटरने रक्तशर्करा अवश्य पाहावी. ती खरोखर कमी असल्यास ग्लुकोज तातडीने द्यावेच लागते.

४. स्टिरॉइड देऊ नये. मद्याचा वास येतो म्हणून बेशुद्धीचे कारण मद्य आहे असे गृहीत धरू नये.

५. बेशुद्ध रुग्णास तोंडाने काहीही, चाटणसुद्धा, देऊ नये.

६. नस्य, विशेषतः प्रधमन नस्य, पूर्ण वर्ज्य समजावे. नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळेपणा दिसल्यास कवटीचा तळ मोडलेला असू शकतो. अशा वेळी नाकातून घातलेले द्रव्य व जंतू थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतात.

७. वॉरफरिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांपैकी काही चालू आहे काय हे नातेवाइकांना विचारून चिठ्ठीवर लिहावे.

८. मधल्या काळात शुद्धीवर येऊन बोलणारा रुग्ण सुरक्षित समजू नये. वाढती डोकेदुखी, उलट्या, एक बाहुली मोठी होणे, ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे.

पुनर्वसनाच्या काळात आयुर्वेदास मोठा वाव आहे. बृंहण आहार, सुखोष्ण अभ्यंग, बस्ती, रसायन, निद्रा व दिनचर्या यांची योजना रुग्णाचा अग्नी पाहून करावी. शस्त्रक्रियेत कवटीचे हाड काढून ठेवले असल्यास त्या जागेवर अभ्यंग, शिरोधारा, शिरोबस्ती करू नये.

औषध विक्रेत्यांसाठी सूचना

शिरोभिघातानंतर अनेक रुग्णांना झटके टाळण्यासाठी फेनिटोइन दिलेले असते. त्याच वेळी नातेवाईक स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचे सरबत मागतात. मुंबईतील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंखपुष्पीयुक्त कल्पाने प्राण्यांतील फेनिटोइनची रक्तपातळी व तिचा झटके रोखणारा प्रभाव घटल्याचे दाखविले. दोन रुग्णांत झटके पुन्हा सुरू झाल्याने हा अभ्यास हाती घेण्यात आला होता. याउलट पिप्पली-मरिचातील पायपेरीन फेनिटोइनचे शोषण वाढविते, म्हणून त्रिकटूयुक्त कल्पही विचारूनच द्यावेत. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने शरीरात सोडियम साठते व पोटॅशियम घटते. क्षारांचे संतुलन आधीच बिघडलेल्या रुग्णात त्याची मात्रा व काळ मर्यादित असावा.

गिऱ्हाईक औषध मागते तेव्हा "रुग्णाला झटक्यांची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?" एवढा एक प्रश्न दुकानातून विचारला गेला, तरी अनेक अनर्थ टळतील. उत्तर होकारार्थी असल्यास मूळ चिकित्सकाच्या लेखी सल्ल्याशिवाय असे कल्प देऊ नयेत, आणि चालू असलेली झटक्यांची गोळी "आता आयुर्वेदिक सुरू केले आहे" म्हणून बंद न करण्याचे नातेवाइकांना बजावून सांगावे.